कामावरून आलेलं यान

घरात कामाला नवीन बाई आल्या की मी आधी त्यांना चहा देते आणि मग पुस्तकांच्या कपाटावरचं यान दाखवते. "याला हात लावायचा नाही. ओलं फडकं नाही, कोरडं नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही." बायका मान डोलावतात आणि मनातल्या मनात मला वेड्यात काढतात, हे मला कळतं. एक जण तर स्पष्टच म्हणाल्या, "ताई, घर एवढं लख्ख, आणि त्या खेळण्यावर बोटभर धूळ. लोक काय म्हणतील?" लोक गेले उडत. त्या यानाला आयुष्यात एकदा अंघोळ घातली गेलीय, तेवढी पुरे झाली.

नव्वदच्या दशकात आम्ही नाशकात, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी आणि पुढे स्कूटर लावण्यापुरतं अंगण. घरात आम्ही तिघंच. मी, आई आणि बाबा. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. गाड्यांच्या बॉड्या रंगून, भट्टीत भाजून बाहेर आल्या की ट्यूबलाइटच्या एका बोगद्यात येऊन उभ्या राहायच्या, आणि तिथे बाबा असायचे. शेवटची तपासणी त्यांची. खिशात पिवळा खडू. रंगात केस अडकलाय? गोल. ओघळ आलाय? गोल. धुळीचा बारीक कण बसलाय? गोल. गोल पडला की गाडी परत मागे. काहीच सापडलं नाही तर कोपऱ्यात बरोबरची खूण करायची आणि तोंडाने म्हणायचं, "ओके."

ते डोळे घरी आले तरी सुट्टीवर जात नसत. भाकरीची कड कुठे करपलीय, माझ्या गणवेशाची शिवण कुठे वाकडी गेलीय, भिंतीला चुना देणाऱ्याने कुठला कोपरा सोडलाय, सगळं त्यांना दारातून दिसायचं. आई म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे कुठं बघितलं? आमच्या दाराचा रंग का फुगलाय ते माझ्या वडलांना विचारत बसले व्हते." आई लासलगावची. इतकी वर्षं शहरात राहूनही चिडली किंवा लाडात आली की तिची बोली तिकडची व्हायची.

मला बाबांकडून एक ओके हवं होतं. बस्स, एवढंच. शाळेत वर्गात पहिली आले तरी "बरंय" म्हणायचे. दहावीचा निकाल बघून "गणितात दोन कुठे गेले?" रांगोळी काढली तर ठिपका सरकलेला दाखवायचे. प्रेमळ होते हो, खूप प्रेमळ. तापात रात्रभर उशाशी बसून राहणारा माणूस. पण ओके म्हणायचं तर जीभ उचलायची नाही. आणि मी त्यांचीच लेक, हट्टी. म्हटलं, आज ना उद्या म्हणायला लावीनच.

अकरावीत होते तेव्हा आमच्याकडे केबल आली. एका दुपारी कुठल्याशा इंग्रजी सिनेमात अवकाशयान दिसलं. बोलणं काही कळत नव्हतं, पण ते यान बघून मी उठून टीव्हीच्या पुढ्यातच जाऊन बसले. आतापर्यंत मासिकांत बघितलेली यानं म्हणजे नुसती चांदीची भांडी. हे मात्र मळकं होतं. पोटावर तेलाचे ओघळ, दरवाजाच्या कडा घासून पांढऱ्या पडलेल्या, एका बाजूचा पत्रा वेगळ्याच रंगाचा. मालेगावकडून रात्रभर चालून सकाळी आमच्या द्वारका चौकात पोचलेला ट्रक दिसतो ना, तस्सं. मला वाटलं, अरे, हे खरंच कुठून तरी आलंय!

झालं, लागलं वेड. शाम्पूच्या बाटल्या, पावडरचे डबे, पेनांची टोपणं, बिघडलेल्या रेडिओच्या पोटातली हाडं, प्लंबरने टाकलेले पाइपचे तुकडे. आई भंगारवाल्याला द्यायला काढायची आणि मी पिशवीतून परत चोरायची. पुठ्ठ्याचा सांगाडा, त्यावर बाटल्या, बाटल्यांवर बटणं. सांधे भरायला प्लंबर वापरतात ते दोन रंगांचं सील मळून बोटांनी दाबायचं. रविवार कारंजा चौकातल्या दुकानातून पांढऱ्या ऑइलपेंटचा सगळ्यात छोटा डबा आणायचा. फवारायला ढेकणांच्या औषधाचा पंप होता, तो घासून घेतला. पहिले काही दिवस यानातून ढेकणांच्या औषधाचा वास यायचा, ही गोष्ट वेगळी.

पहिलं यान पांढरंशुभ्र करून मी बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा नीट केला, खिशातून खडू काढला आणि बघता बघता यानाला देवी आल्यासारखे गोलच गोल. "इथे ओघळ. इथे संत्र्याची साल झालीय. हा बघ केस, तुझाच आहे." संत्र्याची साल म्हणजे रंग गुळगुळीत न बसता खरखरीत बसतो ते. मी फणकारून यान उचललं आणि म्हटलं, "थांबा, मी हे सगळंच मळवते."

याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्या घरात त्याला मळवणं म्हणायचे. शिकवायला कुणी नव्हतं, करून करून सापडत गेलं. काळा आणि तपकिरी पोस्टर कलर पाण्यात पातळ करायचा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि यानावर ओतून लगेच पुसायचा. वरचा जातो, खाचांत उरतो. तेवढ्यानेच यान दहा वर्षांनी म्हातारं होतं. ब्रश चांदीच्या रंगात बुडवून कागदावर पुसून पुसून कोरडा करायचा आणि नुसता कडांवरून ओढायचा, म्हणजे तिथला रंग घासून पत्रा उघडा पडल्यासारखा दिसतो. टवके उडवायची युक्ती आईच्या मिठाच्या बरणीत सापडली. आधी चांदीचा रंग द्यायचा, ओल्या बोटाने त्यावर खडेमीठ चिकटवायचं, वरून पांढरा फवारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं. खडा निघाला की खालची चांदी दिसते. गंजासाठी तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू. धुरासाठी समईची काजळी, कापसाने टिपून. शाळेत टूथब्रश आणि कंगव्याने रंग उडवायचो ना, तसा चिखल उडवायचा.

"अगं, समईवरची काजळी कुठं जाती रोज?" आई विचारायची. मी आकाशाकडे बोट दाखवायची.

बाबांनी मळवलेलं यान पहिल्यांदा बघितलं तो दिवस मला लख्ख आठवतो. कारखान्यातून आले, डबा ठेवला आणि तसेच उभे राहिले. "हे काय? मी जन्मभर डाग काढतोय आणि तू लावत बसलीस?" मग शास्त्र निघालं. अवकाशात हवा नाही, मग गंज कुठून आला? धूळ कुठली? ओघळ खाली येतो, पण तिथे खाली कुठंय? एकेक प्रश्न म्हणजे एकेक गोल.

माझं डोकं सटकलं. "बाबा, हे काय शोरूममध्ये उभंय का? हे कामावरून आलंय! तुम्ही कामावरून येता तेव्हा कसे दिसता? कॉलर बघा तुमची. भुवया बघा, रंगाची भुकटी बसलीय. तुम्हाला कुणी गोल मारतं का?"

आई आतून बघतच राहिली. बाबांनी कॉलर चाचपली आणि ते मोरीकडे गेले. मला वाटलं आता दोन दिवस अबोला. पण तोंड धुऊन आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. कामावरून आलंय. मग हा डाग इथेच का? हा कशाने पडला? डाग असा लावायचा नसतो. प्रत्येक डागाला बाप असतो."

तिथून आमची खरी भागीदारी सुरू झाली. रविवारी सकाळी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही द्वारकेपाशी हायवेला जायचो आणि उभे असलेले ट्रक बघत फिरायचो. ट्रकचं दार कुठे घासतं? ड्रायव्हर जिथे पाय देऊन चढतो तिथे, आणि जिथे तंबाखूचा हात टेकतो तिथे. टाकीच्या तोंडाखाली डिझेलचा ओघळ येतो, त्यावर धूळ चिकटते, म्हणून तो डाग कायम रुंद होत जातो. चाकामागचा चिखल मागे जाताना विरळ होतो. बाबा वाकून वाकून दाखवायचे. एकदा एक ड्रायव्हर घाबरून खाली उतरला, कागदपत्रांची पिशवी पुढे करून म्हणाला, "साहब, सब कागज बराबर है." बाबा म्हणाले, "कागज नहीं, आपका डाग देख रहे हैं." तो माणूस आमच्याकडे बघत बघत मागच्या मागे गाडीत चढला. आम्ही हसून हसून पार वाकलो होतो. लासलगावला मामाकडे गेलो तरी बाकीचे जेवायला बसायचे आणि आम्ही दोघं कांद्याच्या ट्रॅक्टरपाशी.

यानं होत गेली, गोल कमी होत गेले. पण ओके नाही. "बघू. पुढचं बघू."

पुढचं, पुढचं करायला वेळ तेवढा नव्हता. बाबांना साखर होती, बऱ्याच वर्षांची, आणि ती डोळ्यांत उतरली होती. कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडे लेझरच्या खेपा चालू झाल्या. डॉक्टरांनी आईला आणि मला बसवून सांगितलं की आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, वाढेल असं धरू नका. बाबांना विचारावं तर उत्तर ठरलेलं, "स्वच्छ दिसतंय. उगाच रडगाणं नको." पण स्कूटर हळूहळू माझ्याकडे आली. पेपर वाचायला "छपाई खराब झालीय हल्ली" म्हणून मला बसवायचे. कारखान्यात त्यांना ट्यूबलाइटच्या बोगद्यातून काढून स्टोअरला बसवलं. घरी येऊन म्हणाले, "बसून काम आहे, बरंच झालं." त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या यानांवरचे त्यांचे खडूचे गोल डागावर न पडता डागाच्या शेजारी पडायला लागले.

मला ते ओके त्या डोळ्यांचं हवं होतं. उरलेत तोवर.

म्हणून मी हे कपाटावरचं यान करायला घेतलं. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. हाताएवढं लांब, मालवाहू, पोट मोठं. आई त्याला कांद्याची गाडी म्हणायची, "चंद्रावर कांदा पोचवाया चाललीय माझी लेक." पावसाळाभर मी त्याच्यामागे होते. एकेका डागाचा बाप मला माहीत होता. दरवाजाजवळ घासलेलं कारण तिथून माल चढतो. डाव्या बाजूचा पत्रा गेरूने जुना केलेला कारण तो दुसऱ्या यानाचा काढून लावलाय. इंजिनापाशी काजळी, बाहेर बाहेर फिकट होत गेलेली. वरून वॉर्निश मारलं नव्हतं, कारण नाशकात मिळणारं सगळं वॉर्निश चकाकणारं. चकाकलं की मेहनत पाण्यात. त्यामुळे तो सगळा मळ नुसता वर बसलेला होता.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी यान बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंगणात उन्हात नेलं, पायरीवर बसले आणि डोळ्यांजवळ धरून फिरवत राहिले. फार वेळ. मी उंबऱ्यात उभी, नखं खात. खडू खिशातच होता.

"हा एक ओघळ उलटा आलाय," शेवटी म्हणाले. "हे उभं राहतं तेव्हा टाकीचं तोंड खाली. मग तेल वर कसं चढेल?"

बरोबर होतं. जळ्ळा मेला तो ओघळ. "बाकी?" मी विचारलं.

"बघू उद्या."

मी पाय आपटत आत गेले. संध्याकाळी तो ओघळ पुसून सरळ केला आणि यान वाळायला खिडकीत ठेवलं.

दसऱ्याला सकाळी मी झेंडू आणायला फाट्यावर गेले. भाव करून, पिशवी भरून, आंब्याची पानं घेऊन परत आले तर अंगणात स्कूटर धुतलेली, माझी जुनी सायकल धुतलेली, आईचं शिलाई मशीन पुसून त्यावर हळदकुंकू. दसरा म्हणजे आईचा सण. तिच्या माहेरी दसऱ्याला ट्रॅक्टरपासून विळ्यापर्यंत सगळं धुऊन ओळीने लावायचे, तेव्हाच पूजा. आमच्याही घरी आतल्या खोलीत पाट मांडायची. पाटावर तिची कात्री, माझे ब्रश, बाबांची टॉर्च आणि बाबांचा पिवळा खडू.

आणि पाटाच्या मधोमध यान. पांढरंफेक. अजून ठिबकत होतं.

गेरू गेला होता, काजळी गेली होती, खाचांतला तपकिरी रंग टूथब्रशने उकरून काढला होता. मिठाने उडवलेले टवके तेवढे उरले होते, तेही घासून चकाकत होते. नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, शेपटीला झेंडूचं एक फूल.

"लय मळ साचला व्हता गं," आई कौतुकाने म्हणाली. पदराने हात पुसत उभी होती. "तूच म्हणतीस ना, कामावरून आलंय? मग कामावरून आलेलं माणूसबी दसऱ्याला न्हातं. वाहन हाय ते. वाहनाला सणाचं असं ठेवायचं व्हय?"

आधी तिने त्याला कधी वाहन म्हटलं नव्हतं. भंगार म्हणायची, नाहीतर कांद्याची गाडी. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय, तेव्हा काही सुचलं नाही. तेव्हा मी ओरडले. "आई! अगं काय करून ठेवलंस हे! पावसाळाभर मी..."

"पुन्हा लाव की," ती गोंधळून म्हणाली. "मळायला काय लागतंय?"

मी तोंड उघडलं होतं. काय काय बोलले असते देव जाणे. तेवढ्यात मोरीचं दार वाजलं आणि बाबा पंच्याने डोकं पुसत आत आले. "काय चाललंय सणासुदीचं?"

आतल्या खोलीत उजेड बेताचाच, एक दिवा आणि समई. बाबा पाटापाशी बसले, चाचपून यान उचललं. मांडीवर घेतलं. इंजिनाच्या बाजूवरून बोट फिरवलं. मी वाट बघत होते, आता बाबा ओरडणार, आता आईला कळेल काय केलंय ते.

"हं," बाबा म्हणाले. "काजळी छान बसलीय. जुना पत्राही मस्त दिसतोय. तो उलटा ओघळ काढलास ना? बरं केलंस."

पाटावरचा खडू उचलला. हळदीकुंकवाने माखला होता, पंच्याला पुसला. आणि त्या धुतलेल्या पांढऱ्या पोटाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

"ओके."

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. तिने पदर तोंडाशी धरला होता. ज्या माणसाला दारातून भाकरीची कड दिसायची, त्याच्या मांडीवर लख्ख धुतलेलं यान होतं आणि तो त्यावरच्या काजळीचं कौतुक करत होता.

पूजा झाली. मी आरती म्हटली, म्हणजे ओठ हलवले. नंतर स्वयंपाकघरात आई पुऱ्या तळत होती, पाठमोरी. "त्यांना दिसत नाही गं," म्हणाली. "आपल्याला वाटलं व्हतं थोडं तरी." तिचे खांदे हलत होते. मी गॅस बंद केला. तिला मिठी मारली, आणि मग आम्ही दोघी रडलो, आवाज न करता, कारण बाहेर बाबा रेडिओ लावून बसले होते. यानाचं मला काही वाटत नव्हतं. मला इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते खोटं होतं.

"बोलायचं नाही हं," आई डोळे पुसून म्हणाली. "धुतलं व्हतं म्हणून कधीच सांगायचं नाही. तुला माझी शपथ."

नाही बोलले. पुढच्या वर्षी बाबांनी नोकरी सोडली. मग उजेड-अंधार तेवढा कळायचा, मग तोही नाही. बाबा सावरले, आमच्यापेक्षा लवकर सावरले. रेडिओ, बातम्या, संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून फाट्यापर्यंत फेरी. वाटेत उभ्या ट्रकच्या पत्र्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हा घाटातून आलाय." मी ते यान परत मळवलं नाही. मळवायचं तर ती खूण मध्ये येत होती. वॉर्निश मारून खूण पक्की करावी म्हटलं, तर वॉर्निशखाली खडू दिसेनासा होतो. आईने घासून घासून रंगाची चमकच घालवली होती, म्हणून निदान खडू धरून राहिला होता. यान तसंच कपाटावर गेलं.

पुढे नाशकात बंगले पडून इमारती उभ्या राहायला लागल्या आणि मला त्यातच काम मिळालं. बिल्डरांना इमारतींची मॉडेलं करून द्यायची. ते म्हणायचे, "मॅडम, एकदम चकाचक पाहिजे." मी द्यायची चकाचक. भिंतीला ओल नाही, गॅलरीत कपडे नाहीत, दारात चप्पल नाही. बाबा विचारायचे, "राहतं का कुणी त्यात?" मी म्हणायची, "नाही बाबा, अजून कामावर गेलंच नाही कुणी."

दहाएक वर्षांनंतरचा दसरा. मी तेव्हा चारचाकी घेतली होती. आई थकली होती, तरी बादली घेऊन गाडीशी झटत होती. मी आणि बाबा पायरीवर बसलो होतो. झेंडूची माळ करत होते ते, बोटांनी, छान करायचे. साबणाचं पाणी अंगणातून वाहत आमच्या पायांशी आलं.

"या साबणाचा वास आला," बाबा म्हणाले, "की मला तुझं ते यान आठवतं."

"कुठलं?" मी विचारलं.

"किती आहेत? आईने धुतलेलं."

ते माळ ओवत राहिले. "अगं, हातात घेतलं तर गार, ओलं, आणि साबणाचा भपकारा. जन्म रंगात गेला माझा. धुतलेलं कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा आवाज मोरीपर्यंत आला होता. सणाच्या दिवशी तू तिच्यावर फुटली असतीस. एवढ्या हौसेने तिने पहिल्यांदा तुझ्या यानाची पूजा मांडली होती." बाबा हसले. "तुझी आई मागेच उभी होती ना? तिच्या बांगड्या वाजत होत्या."

आई बादली टाकून तिथेच उभी राहिली होती. "अहो! म्हणजे तुम्हाला ठावं व्हतं? आणि आम्ही दोघी इतकी वर्षं तुमच्यापायी तोंडाला कुलूप लावून बसलो!"

"मी तुझ्यापायी बसलो," बाबा म्हणाले.

आई आधी चिडली, मग हसायला लागली, मग पदर डोळ्यांना लावून घरात गेली. मला मात्र एकच गोष्ट टोचत होती आणि मी विचारून टाकलं. "म्हणजे ते ओके आईसाठी होतं. खोटंच."

"खोटं कसं?" बाबांना ते लागलेलं दिसलं. "खोटं ओके मी कधी दिलेलं नाही. आदल्या दुपारी इथेच बघितलं होतं की, या पायरीवर, उन्हात. चांगलं दिसलं होतं. तो ओघळ सोडला तर काढायला काही नव्हतं. तेव्हाच द्यायचं, पण सवय वाईट. उद्या देऊ म्हटलं." त्यांनी माळेची गाठ मारली. "त्यानंतर तेवढं लख्ख मला काही दिसलं नाही."

मी उठून आत गेले आणि कपाटावरून यान काढून आणलं. दहा वर्षांची धूळ बसली होती, खाचांत जास्त, वर कमी. पांढरा रंग पिवळा पडला होता. कडा आपोआप काळवंडल्या होत्या. ते बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"खूण आहे का अजून?"

"आहे."

"कुठे?"

मी त्यांचा हात धरून बोट तिथपर्यंत नेलं. "टेकवू नका हं बाबा. पुसली जाईल."

"नाही टेकवत," बाबा म्हणाले, आणि बोट तसंच खुणेच्या वर धरून बसून राहिले.